नागूनं माहिती कुलपात ठेवली

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः तिथं उभा होतो. म्हणजे त्या दिवशी मी सांगलीला होतो, पण उभाच होतो.

एका गावात एक भोळा शिपाई होता, नागू नावाचा. पतसंस्थेत चहा आणायचा, फायली उचलायचा. नोकरी कच्ची. शहरातून साहेब यायचे होते. तपासणी नीट पार पडली की तुला कायम करते, असं मॅनेजर तोडकरबाईंनी कबूल केलं होतं.

एकदा बाईंनी त्याला हौसाक्काकडे निरोप घेऊन धाडलं. नागूनं भर बाजारात हाळी दिली की आक्का, तारण ठेवलेल्या पाटल्यांची मुदत भरली. शेजारीच आक्काची सून वांगी निवडत होती. तिच्या मते पाटल्या घरच्या कपाटात होत्या.

बाई म्हणाल्या, "नागू, आता नवा कायदा आलाय. गिऱ्हाइकाची माहिती कुणालाही सांगायची नाही."

दुसऱ्या दिवशी आक्का स्वतःच विचारायला आली, पाटल्या कधी सोडवता येतील. नागूनं चहा दिला, पंखा लावला, पण तोंड काही उघडलं नाही.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, ज्याची माहिती, त्याची संमती असली की सांगायची."

मग फोन आला. घोगरा आवाज म्हणाला, मी हौसाक्का, सर्दी झालीय, माझी संमती आहे. नागूनं सगळं सांगून टाकलं. तो आक्काचा जावई निघाला.

"आवाजावर भरवसा ठेवायचा नाही," बाई दात आवळून म्हणाल्या. "माणूस समोर उभा राहून हो म्हणाला, तरच."

तपासणीचा दिवस उजाडला. बाईंनी बजावलं, जिथं जिथं गिऱ्हाइकांची माहिती असेल, ती सगळी तिजोरीच्या खोलीत आणि वर कुलूप. नागूनं फायली नेल्या, कॉम्प्युटर नेला. बाई आत फायली लावत होत्या. नागू दारात थबकला. कुणाचं काय तारण आहे, हे बाईंइतकं कुणाला पाठ होतं? त्यानं बाहेरून कुलूप घातलं.

साहेब आले. "मॅनेजर कुठायत?"

"सांगता येत नाही साहेब. त्यांची संमती विचारलेली नाही."

आतून दार बडवल्याचा आवाज आला. "नाग्या, माझी संमती आहे! दार उघड!"

नागू दाराला तोंड लावून अदबीनं म्हणाला, "आवाजावर नाही हो बाई. तुम्ही अशा समोर येऊन हो म्हणा, लगेच उघडतो."

पुढं साहेबांनीच कुलूप तोडलं. बाई बाहेर आल्या, खळखळून हसल्या आणि नागूला कायम केलं.

हे शेवटचं वाक्य तेवढं माझ्या पदरचं.