बत्तीस इंची पडद्यावरचं कुंकू

एका तालुक्याच्या गावात एक मुलगी राहत होती, आणि तिच्या वतीनं ठरवणारी माणसं घरात भरपूर होती. मुलीचं नाव शलाका. ठरवणाऱ्यांत सर्वांत मोठे तिचे थोरले काका, बापूकाका. फ्रिजपासून जावयापर्यंत घरातली प्रत्येक गोष्ट त्यांनीच पसंत केली होती. फ्रिज बरा चालत होता.

शलाका कॉम्प्युटरवर नेमबाजीचा खेळ खेळायची आणि फार चांगला खेळायची. मुलींच्या राज्य संघात एकच जागा उरली होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी घरूनच निवड सामना खेळायचा होता. तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. पुढची संधी मिळणार नव्हती.

तिचा मॉनिटर जुना आणि संथ. समोरचा दिसेपर्यंत त्याची गोळी लागलेली असायची. शिकवण्या घेऊन तिनं नव्या मॉनिटरपुरते पैसे साठवले. कॉम्प्युटर मात्र तोच राहणार होता आणि त्याची ताकद बेताची होती. म्हणून तिनं महिनाभर वाचून, विचारून एक चिठ्ठी लिहिली: चोवीस इंच, साधा फुल एचडी, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं. पडदा लहान, पण चपळ.

"एकटी जाऊ नकोस," वडील म्हणाले. "बापूंना घेऊन जा. दुकानदार त्यांच्या ओळखीचा आहे."

दसऱ्याच्या सकाळी दुकानात बापूकाकांनी चिठ्ठी हातात घेतली, न वाचता घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग त्यांनी भिंतीवरच्या सर्वांत मोठ्या पडद्याकडे बोट केलं. बत्तीस इंच, फोर के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके.

"काका, माझ्या कॉम्प्युटरला तो झेपणार नाही. आणि तो सेकंदाला साठच चित्रं दाखवतो."

"अगं, साठ काय कमी आहेत? डोळे दोनच आहेत ना तुला?"

दुकानदार हसला. बापूकाका म्हणाले, "वरचे पैसे माझ्याकडून. पुतणीला टीचभर पडदा घेऊन दिला म्हटल्यावर लोक मला काय म्हणतील?"

त्या उपकारापुढे शलाकानं आपले साठवलेले पैसे काढून दिले. तेवढ्यात दुकानदारानं सांगितलं, "खोका जपून ठेवा. नाही आवडला तर सात दिवसांत बदलून देतो." तिनं ते मनात घट्ट धरलं. उद्या एकटी येईन, बदलून नेईन. घरून बरोबर घेतलेला जुना मॉनिटर बापूकाकांनी 'अडगळ' म्हणत तिथेच एक्स्चेंजला दिला होता.

घरी आल्यावर ती खोका नीट उघडण्यासाठी कात्री आणायला गेली. परत आली तेव्हा खोका फाटला होता, मॉनिटर पाटावर होता, आणि बापूकाका ओल्या कुंकवानं पडद्याच्या बरोब्बर मध्यावर स्वस्तिक काढत होते.

"काका, थांबा!"

"मध्ये बोलू नये. अजून नारळ फोडायचाय."

तिनं पुसायला फडकं घेतलं तर आई म्हणाली, "आजच्या दिवशी पुसतात का गं? किती प्रेमानं आणलाय त्यांनी!" दुसऱ्या दिवशी पुसलं, तेव्हा खरखरीत पडद्यात लाल रंग मुरला होता. घासला तसा तो गुलाबी होऊन पसरला.

दुकानदारानं एकदाच पाहिलं. "ताई, कुंकू लागलेला माल आता तुमच्या घरचा झाला. परत कसा घेऊ?"

रविवारी सामना सुरू झाला. पूर्ण फोर केवर ठेवला की खेळ अडखळत होता. कमी रिझोल्यूशनवर आणला की चित्र धूसर व्हायचं. झुडूप कुठलं आणि माणूस कुठला, कळायचं नाही. आणि नेम धरायची जागा पडद्याच्या मध्यावर असते. तिथे गुलाबी डाग होता. अकरा मिनिटांत ती बाद झाली. ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

"खेळच तो," वडील म्हणाले. "एवढं काय रडायचं?"

चिठ्ठी शर्टाबरोबर धुतली गेली. आता रोज संध्याकाळी बापूकाका त्या पडद्यावर क्रिकेट बघतात. गोलंदाज धावत येतो आणि डागातून जाताना गुलाबी होतो. "चित्र कसं झकास दिसतं!" ते म्हणतात. शलाका 'हो' म्हणते. तिनं खेळ कॉम्प्युटरवरून काढून टाकलाय.

परवा घरात स्थळांचा विषय निघाला. मुलगा कसा हवा, हे शलाकाला कुणी विचारलं नाही. बापूकाका तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पसंतीचं माझ्यावर सोड, बाळा."

तिनं चिठ्ठी लिहिली नाही.

तात्पर्य: ज्याला वापरायचं आहे त्याचं न ऐकता केलेली निवड कितीही मोठी आणि कितीही प्रेमाची असली, तरी त्याचं नुकसानच करते; आणि असं वारंवार झालं की तो माणूस काय हवं ते सांगणंच सोडून देतो.