देवीच्या दंडावरचा बाजूबंद

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी ते मला विचारू नका, मोजणारे केव्हाच गेले. ग्रीकांच्या एका बेटावर एक मूर्तिकार राहत होता. दगड घडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि रंगवण्यातही नव्हता. इथेच सगळा घोटाळा झाला.

कारण मूर्ती एकाने घडवायची आणि दुसऱ्याने रंगवायची, असा त्या बेटावरचा रिवाज. रंगारी आधी दगडावर पाणी ओतायचा आणि तो वाळेपर्यंत समोर बसून राहायचा. सगळा दगड वाळला आणि एखादी रेघ ओलीच राहिली, तर तिथे चीर आहे असं समजायचं. मग मूर्ती परत!

"मला कशाला हवा दुसरा?" मूर्तिकार म्हणायचा. "माझी मूर्ती मीच रंगवणार."

नगरातल्या मोठ्या माणसांनी माना डोलावल्या. एक म्हातारा रंगारी तेवढा काठी टेकत त्याच्या दारी आला.

"रंग तूच दे रे बाबा. मला फक्त दगड धुऊ दे."

"काका, माझ्या दगडावर संशय?" असं म्हणून मूर्तिकाराने त्याला दारातूनच वाटेला लावलं.

नगरदेवीची मूर्ती घडवायला त्याला तीन वर्षं लागली. देवीचा उजवा हात आशीर्वादासाठी पुढे आलेला, चांगला लांब. रंग लावण्याआधी त्याने गुपचूप स्वतःच दगड धुतला. सगळा दगड वाळला. दंडावर केसाएवढी रेघ ओली राहिली.

उत्सव चार दिवसांवर आलेला. पुन्हा दगड आणायचा, पुन्हा तीन वर्षं घालवायची, आणि तो म्हातारा सगळ्यांदेखत हसणार! त्याने मेणात संगमरवराची पूड मळली, चीर बुजवली आणि वर सोनेरी बाजूबंद रंगवला. इतका सुरेख, की लोक देवीचा चेहरा सोडून बाजूबंदच बघत राहिले. शाबास रे पठ्ठ्या! देवाने हातात दिलेली कला छान कामी लावलीस.

थंडी सरली, उन्हाळा तापला. त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं. नवरीने लग्नाच्या सकाळी देवीच्या उजव्या हाताखाली उभं राहून आशीर्वाद घ्यायचा, ही तिथली जुनी रीत.

"पोरी, जरा डावीकडे उभी राहा," बाप घाईघाईने म्हणाला.

"का हो, बाबा?"

सगळं नगर कान देऊन उभं होतं. म्हातारा रंगारीही होता.

"काही नाही गं," तो म्हणाला. "राहा तिथेच. लवकर उरक म्हणजे झालं."

मूर्ती उघड्यावर, मेण उन्हाने कधीच पाझरून गेलं होतं. कडाड आवाज झाला आणि हात खाली आला. मूर्तीपुढच्या पायऱ्यांवर त्याचा चुरा झाला. त्या चुऱ्याखाली पोर गेली.

लोक मागे सरले. "देवीने हिला नाकारलं!" कोणीतरी ओरडलं, मग सगळेच ओरडले. पोरीनेच काहीतरी पाप केलं असणार, असं पुजाऱ्याने ठरवून टाकलं. अशा मुलीला नगराच्या दफनभूमीत जागा नाही, असंही त्याने सांगितलं.

तेव्हा कुठे बापाचं तोंड उघडलं. "पाप माझं आहे हो! दगडात चीर होती. मी मेण भरलं, वर रंग दिला."

"लेकीसाठी खोटं बोलतोय बिचारा," बायका हळहळल्या.

"अरे, एवढं सुंदर काम," पुजारी म्हणाला. "त्यात चीर कशी असेल?"

मूर्तिकार गुडघ्यांवर बसून चुरा उकरत राहिला. मेणाचा एक कण तरी सापडावा म्हणून त्याने बोटं रक्ताळून घेतली. एकही सापडला नाही. शेवटी त्याने म्हाताऱ्याचे पाय धरले.

"काका, तुमचं ऐकतील हे लोक. एकदा दगड धुऊन दाखवा."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "ओली रेघ दिसायला दगड अखंड लागतो रे, बाबा. आता अखंड काय उरलंय?"

नगराबाहेर, समुद्रकाठच्या खडकांत बापाने एकट्याने पोरीला पुरलं. पुढे तो मरेपर्यंत दारोदार हिंडून चिरेची हकिकत सांगत होता. लोक त्याला खायला द्यायचे, आणि दुःखाने याचं डोकं फिरलं म्हणून दार लावून घ्यायचे.

म्हणून सांगतो, मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो तुम्हीही ऐका: आपली चूक इतकी बेमालूम झाकू नये, की उद्या आपणच खरं सांगायला गेलो तर ते कुणाला पटणार नाही.