हाकेला ओ

एकदा एक शिष्य पिशवीभर हेडफोन घेऊन आपल्या वृद्ध गुरूंच्या दारात येऊन उभा राहिला. गुरूंकडे जाताना लोक श्रीफळ नेतात, फार तर पेढ्यांचा पुडा नेतात. याच्या पिशवीत कान झाकायची नाना तऱ्हेची साधनं होती आणि काखेत लाकडी पेटीचा एक छोटा स्पीकर होता. सोबत त्याची सहा वर्षांची मुलगी होती, केतकी. ती उंबरठा ओलांडून आत कधी आली, हे कुणालाच कळलं नाही.

गुरू म्हणजे नदीकाठच्या त्या गावातले जुने गवई. सगळे त्यांना बुवा म्हणत. शिष्यानं तरुण वयात त्यांच्यापाशी गाणं शिकून पुढे शहरात स्वतःचा वर्ग काढला होता. वर्ग उत्तम चालला होता. मग मेहुण्याच्या लग्नात, वरातीला, तो डीजेच्या भिंतीसमोर अडकला. पुढे नाचणारी मंडळी, मागे गर्दी, बाजूला गटार. जाणार कुठे? घरी आला तेव्हा कानात शिट्टी वाजत होती. शिट्टी काही दिवसांनी थांबली, पण कान पूर्वीसारखे राहिले नाहीत. बहिरेपण आलं असतं तर लोकांना निदान कळलं तरी असतं. याचं उलटंच झालं होतं. ताटलीवर चमचा पडला तरी कानात दाभण खुपसल्यासारखं व्हायचं. कुणी मोठ्यानं हसलं तर तो डोकं धरून खाली बसायचा. गाण्याचा वर्ग बंद पडला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "सारखे कान झाकून बसू नका. हलक्या आवाजाची हळूहळू सवय करा." पण दुखणाऱ्या माणसाला सवय नको असते, सुटका हवी असते. तो डॉक्टरांकडून निघाला तो थेट दुकानात गेला. दुकानदार बोलघेवडा होता. एक जाडजूड काळा हेडफोन पुढे करून तो म्हणाला, "साहेब, हा चढवला की शेजारी फटाक्यांची माळ लागली तरी पत्ता लागायचा नाही. घरातली कटकटसुद्धा बंद!" शिष्य हसला होता. तो हसला, याची आठवण पुढे त्याला फार दिवस छळणार होती.

तर आता त्यानं पिशवी बुवांपुढे रिकामी केली. "बुवा, तुमच्या कानावर माझा विश्वास आहे. यातलं कोणतं ठेवू, एवढं सांगा. मला पुन्हा माणसांत बसायचंय."

बुवांनी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. "तुला कोणतं आवडलं?"

"हा काळा. हा घातला की जग उरतच नाही."

"आणि घरचे? त्यांचं कसं चाललंय?"

"घरची माणसं फार समजूतदार आहेत, बुवा," तो अभिमानानं म्हणाला. "केतकीचं तर विचारूच नका. एवढीशी पोर, पण घरात आहे की नाही, कळत नाही."

बुवांची नजर केतकीकडे गेली. वहिनींनी, म्हणजे बुवांच्या सुनेनं, तिला कपभर दूध दिलं होतं. ते संपवून ती कप फरशीवर ठेवत होती. ठेवण्याआधी तिनं कपाच्या बुडाखाली करंगळी घातली, कप त्या करंगळीवर टेकवला आणि मग बोट अलगद काढून घेतलं. जराही आवाज झाला नाही. जन्मभर हेच काम करत आल्यासारखा तिचा हात चालला.

"काय गं, आवडलं का दूध?" बुवांनी विचारलं.

केतकीचे ओठ हलले. बुवांना वाटलं, वयानुसार आपल्यालाच कमी ऐकू येतंय. ते पुढे वाकले. ओठ पुन्हा हलले. 'आवडलं, आजोबा' हे शब्द ओठांवर स्पष्ट उमटले, पण त्यांत आवाजच नव्हता. कुजबुजसुद्धा नव्हती. शिष्य मान खाली घालून हेडफोनची वायर गुंडाळत होता.

"आजचा दिवस राहा," बुवा सावकाश म्हणाले. "उद्या दुपारी सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळभर बुवा केतकीला घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. वहिनी तिथेच होत्या. घरी राहून शिकणाऱ्या दोघा विद्यार्थ्यांनाही त्यांनी आत बोलावून दार लोटून घेतलं. आत काय चाललंय, हे शिष्यानं विचारलं नाही. घरात खलबत्ता होता, बादलीची कडी होती, कुकरची शिट्टी होती. त्याचा जीव मुठीत होता. त्यानं काळा हेडफोन चढवला आणि ओसरीवर भिंतीला टेकून डोळे मिटले.

जग नाहीसं झालं. प्रथम नेहमीसारखं बरं वाटलं. मग, तेही नेहमीसारखंच, आतले आवाज सुरू झाले. रक्त वाहत होतं, जबड्याचा सांधा करकरत होता, आवंढा गिळला की विहिरीत धोंडा पडत होता. बाहेरचं जितकं बंद करावं तितकं हे आतलं मोठं होत चाललं होतं, पण ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा नाही. भर दुपार झाली तेव्हा त्याला ते सोसेना. त्यानं हेडफोन काढला.

परसातल्या पेरूच्या झाडावर खार चढत होती, तिच्या नखांचा आवाज त्याला आला. माठातून ठिबकणारं पाणी ऐकू आलं. नदीपलीकडे मोटारपंप धडधडत होता. कान शाबूत होते.

समोर माजघरात दोन्ही विद्यार्थी रियाजाला बसले होते. त्यांची तोंडं उघडी होती, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, एकाचा हात वरच्या षड्जाला जावा तसा हवेत उंच गेला होता. दुसरा तंबोरा छेडत होता. आवाज मात्र कशाचाच नव्हता. शिष्य डोळे ताणून पाहू लागला. स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी कुणाला तरी हाका मारत होत्या, हातवारे करून, भुवया उंचावून, आणि त्यांच्या तोंडून काहीही बाहेर पडत नव्हतं. त्याच्या शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर, बुवा बसले होते. ते त्याच्याशीच बोलत होते. बोलता बोलता थांबले, उत्तराची वाट पाहिली, मान हलवली आणि पुन्हा बोलू लागले.

खारीची नखं ऐकू येत होती. माणसं ऐकू येत नव्हती.

"बुवा?" तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याच्या कानात ढगासारखा गडगडला.

विद्यार्थी थांबले. वहिनी थांबल्या. सगळ्यांनी एकाच वेळी त्याच्याकडे तोंडं वळवली, एकाच वेळी ओठांवर बोट ठेवलं, मग तोंडावर हात धरून त्यांचे खांदे हलू लागले. सगळे हसत होते. माणूस कितीही शिकलेला असो, अशा दुपारी लहानपणची भुतं बरोबर आठवतात. त्याची नजर नकळत त्यांच्या पावलांकडे गेली. पावलं सरळ होती, पण त्यानं धीर काही आला नाही. आपण मेलो तर नाही ना, असं त्याच्या मनात आलं, आणि तो मनापासून घाबरला.

तेवढ्यात वहिनींनी पाण्यानं भरलेला तांब्या त्याच्यापुढे आणून ठेवला. ठेवताना त्यांनी तांब्याच्या बुडाखाली करंगळी घातली. तांब्या करंगळीवर टेकला आणि बोट अलगद निघून आलं.

हे आपण कुठेतरी पाहिलंय, असं त्याला वाटलं. घरी, जेवताना, पानाशेजारी. रोज. कुणाची करंगळी, ते मात्र आठवेना.

तो उठला आणि परसाकडे धावला. "केतकी! केतकी!"

केतकी पेरूखाली भातुकली मांडून बसली होती. ती बाहुलीशी बोलत होती, अखंड, हसत, रागावत, समजावत, आणि तिच्या भोवती पानसुद्धा हललं नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला, तिचे दोन्ही खांदे धरले. "केतकी, बोल! काहीतरी बोल!"

तिनं घाबरून इकडेतिकडे पाहिलं. मग आपला इवलासा तळहात त्याच्या तोंडावर दाबला. तिचे ओठ हलले. बापानं आयुष्यात पहिल्यांदा ते नीट पाहिले, म्हणून त्याला ते वाचता आले.

'हळू, बाबा. कान दुखतील.'

ती करंगळी कुणाची होती, ते आता त्याला आठवलं होतं.

मागून काठीचा आवाज आला. बुवा येत होते, आणि फरशीवर काठी चक्क आपटत येत होते. तो आवाज कानाला बोचला, तरी त्याला बरं वाटलं.

"घाबरलास?" बुवांनी विचारलं. "भूतबीत काही नाही. आम्हीच आवाज गिळून बसलो होतो. सकाळभर शिकलो. तंबोऱ्याच्या तारेला न लागता बोट फिरवायचं, ते तर जमता जमेना. सुनेच्या हातून दोनदा भांडं आपटलं. पण शिकवणारी पक्की होती."

शिष्यानं केतकीकडे पाहिलं.

"भांड्याखाली करंगळी धरायची. कडी लावताना मध्ये फडकं घालायचं. हसू आलं तर तोंडावर हात, शिंक आली तर उशीत तोंड. सगळं तिनं दाखवलं. आम्हाला एक दुपार जमलं आणि जीव गुदमरला रे. ती पोर त्यात राहते."

बुवा पेरूच्या पारावर टेकले. त्यांचा स्वर मऊ झाला.

"तुझं दुखणं खोटं नाही. वरातीपुढून जायचं असेल तर तो काळा खुशाल घाल, मीच तुला सांगेन. पण कान हा भित्रा जीव आहे. जितका लपवशील तितका तो भिईल. आणि तू घरात एकटा नाहीस. तुझ्या कानावर झाकण बसलं, त्या दिवशी तिच्या कंठावरही बसलं. शांतता हवी म्हणालास आणि घरच ओसाड केलंस. ते तुला दिसलं नसतं, म्हणून दाखवलं. राग येऊ देऊ नकोस."

"राग कसला," शिष्य कसाबसा म्हणाला. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटत होती. "पण बुवा, मग निवडू कोणतं?"

"दुकानात काय ऐकून पाहिलंस?"

"काहीच ऐकू येत नाही ना, हे पाहिलं."

"आता दुसरं पाहू. ही परसातून हाक मारेल. जे लावून तिच्या हाकेला ओ देता येईल, ते ठेव."

लागलीच परीक्षा मांडली. शिष्य ओसरीवर बसला. केतकी पेरूखाली उभी राहिली. काळा हेडफोन लावला, काही ऐकू आलं नाही. कानात रुतवायची बोंडं लावली, काही नाही. जाळीच्या वाट्यांचा एक हलका हेडफोन होता, बाहेरची हवा आत घेणारा; दुकानदारानं तो 'यात सगळा गोंगाट येतो' म्हणून बाजूलाच सारला होता. तो लावला तर माठाचं ठिबकणं आलं, हाक आली नाही. शेवटी लाकडी स्पीकर दूरच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि त्यावर तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण इतकं हलकं लावलं की ते आहे का नाही, अशी शंका यावी. सगळे श्वास रोखून थांबले. हाक आली नाही.

शिष्यानं मान वळवून पाहिलं. केतकी पेरूखाली उभी होती. तिचे ओठ 'बाबा' म्हणत होते, पुन्हा पुन्हा, बिनआवाजाचे. ती मुद्दाम करत नव्हती. तिला ते येतच नव्हतं.

वस्तू बदलून भागण्यासारखं हे नव्हतं, हे त्याला तेव्हा उमगलं. त्याला आणखीही एक गोष्ट कळली. केतकी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. कपाळावर आठी उमटते का, डोळे मिटले जातात का, एवढंच ती पाहत होती. ती आठी आली की आवाज मागे घ्यायचा, असं ती शिकली होती.

तो उठला, परसाच्या पायरीवर गेला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. चेहरा दिसला नाही तर पोरीला भीती वाटणार नाही. समोर कोपऱ्यात स्पीकरवरचा तंबोरा मंद चालू होता. पायरीची कड त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मार हाक," तो म्हणाला. "मी इथेच आहे."

बराच वेळ काहीच घडलं नाही. खार उतरली, पुन्हा चढली. वहिनींनी पदर तोंडाशी धरला.

मग हाक आली. खूप दिवस न उघडलेल्या दाराचा आवाज व्हावा तशी, खरखरीत, मध्येच तुटणारी. "बा... बा."

कानात कळ उठली. त्याचे डोळे मिटले, कपाळावर आठी आलीच. केतकीला ती दिसली नाही.

"ओ," तो म्हणाला.

मग दुसरी हाक, जरा मोठी. "बाबा!"

"ओ, केतकी."

स्वयंपाकघरात एका विद्यार्थ्याच्या हातून झाकण खणकन पडलं. सगळे जागच्या जागी थिजले. वहिनी धावत आत निघाल्या.

"राहू द्या, वहिनी," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं कळीचं किती व आनंदाचं किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. "पडू द्या."

तेव्हा केतकीनं परसाच्या टोकाला जाऊन, दोन्ही हात तोंडाशी धरून, सहा वर्षांच्या पोरीनं मारावी तशी हाक मारली, आणि तो पाठ फिरवून बसलेला बाप तिच्याकडे वळला.