सीतेच्या वेणीचा दोरा

“मग दोरा कापू का, बाई?”

नीरजानं विचारलं खरं, पण कात्री तिनं घरूनच आणली होती.

सावंतवाडीतली ही गोष्ट. कुमुदिनीबाई तेंडोलकरांकडे गाणं शिकायला कोणीही येवो, पहिल्या दिवशी त्याच्या हातात एक रोप ठेवलं जातं. सीतेची वेणी. रानात झाडांच्या फांद्यांवर वाढणारं ऑर्किड, त्याला माती लागत नाही. आंब्याच्या लाकडाचा तुकडा घ्यायचा, रोप त्यावर सुती दोऱ्यानं बांधायचं आणि सांभाळायचं. मुळांनी लाकूड धरलं की दोरा कापायचा. दोरा कापल्यावरच मैफिलीत गायची परवानगी. बाईंच्या घरचा रिवाजच तो.

मी बाईंकडे पेटीवर असतो. मला हा रिवाज कधी पटला नाही. गाण्याचा आणि झाडपाल्याचा काय संबंध? पण मला विचारतो कोण!

येत्या रविवारी नीरजाची पहिली मैफल होती. सभागृह ठरलेलं, पत्रिका वाटून झालेल्या. गावाला तिचं केवढं कौतुक! डोळे मिटून ऐकलं तर बाई गातायत की नीरजा, मलाही कळत नाही. तिलाही ते ठाऊक आहे, चांगलंच ठाऊक आहे.

“बघा ना, पानं कशी तजेलदार आहेत,” ती म्हणाली. “बाकीच्यांची रोपं बाहेर पडवीत लटकतात, वाऱ्यावर. मी माझं इथं आत ठेवलं, तुमच्या बैठकीशेजारी. मुळांना चांगला जाड काथ्या गुंडाळला. एक दिवस सुकू दिला नाही.”

“दिसतंय.”

“त्या पडवीतल्या रोपांची मुळं बघवत नाहीत हो. उघडी, वेडीवाकडी...”

तिनं कात्री दोऱ्याला लावली.

“कापू?”

“काप.”

दोरा तुटला... आणि रोप काथ्यासकट धप्पकन खाली आलं. बाईंच्या पायाशी.

माझा भात्यावरचा हात तिथंच थांबला.

नीरजा पांढरीफटक पडली. लाकूड तिच्या हातातच होतं. त्यावर मुळाची साधी खूणसुद्धा नव्हती. सुताराकडून आणलं त्या दिवशी होतं तसं कोरं.

“अगं बाई...” तिच्या तोंडून एवढंच निघालं.

बाईंनी खाली बसून काथ्या सोडवला. कुजका वास आला. मुळं सगळी काथ्यातच घोटाळलेली, निम्मी काळी पडलेली, बोट लावलं तर गळून येणारी. एकदोन टोकं तेवढी हिरवी होती.

मला संताप आला, खोटं कशाला बोलू! पोरीचं सगळं रविवारावर अडलेलं.

“बाई, तुम्ही रोज या रोपाशेजारी बसता. तुम्हाला दिसत नव्हतं?”

“दिसत होतं.”

“मग बोलायचं नाही एका शब्दानं?”

“बोलले असते तर तिनं ऐकलं असतं, बापू. ती माझं सगळंच ऐकते.”

मी पेटीचा भाता मिटला.

बाईंनी काळी मुळं कापून टाकली. रोप नुसत्या लाकडावर टेकवलं, दोऱ्याचे मोजकेच वेढे दिले. मग पडवीत गेल्या आणि पूर्वेकडच्या खुंटीला ते टांगलं. तिथं सकाळचं कोवळं ऊन येतं, वारा फिरता असतो. पानांच्या बेचक्यात पाणी साचू नये म्हणून शेंडा जरा खाली कलता ठेवला. काथ्याचा गोळा अंगणात भिरकावला.

नीरजा मागोमाग आली होती. डोळे गळत होते, पुसायचंही भान नव्हतं.

“जगेल?”

“बघू.”

“आणि रविवार? कळवू सगळ्यांना... नाही म्हणून?”

बाईंनी रोपाचा कलता शेंडा पुन्हा एकदा नीट केला.

“कशाला? गा.”

मला वाटलं, माझ्या कानात काहीतरी बिघाड झाला. इतक्या वर्षांत बाईंनी कोणासाठी रिवाज मोडला नव्हता. पोटच्या मुलासाठी नाही!

“पण बाई, रोप तर पडलं,” नीरजा म्हणाली.

“गा म्हटलं ना. मी मात्र येणार नाही.”

रोप पडलं तेव्हा ती पांढरी पडली होती. आता मात्र तिनं पडवीचा खांबच धरला.

“असं काय करता, बाई? तुमची खुर्ची अगदी समोर ठेवायला सांगितलीय. तुमच्याकडे बघितल्याशिवाय मला पुढची तान सुचत नाही. तुम्ही नसलात तर... तर मी गाणार कशी?”

बाई हात धुवायला निघाल्या होत्या. दारात थांबल्या...

“ते ऐकायला मलाही फार आवडलं असतं, नीरजा.”