कानात विचारणारी आवडाई

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल झाला नव्हता तेव्हा, आंबेखोल गावात आवडाई नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्माला आलेलं. तिचे हात इतके हलके, की पोटात आडवं बसलेलं मूल तिची चाहूल लागताच शहाण्यासारखं वळायचं, असं म्हणतात.

तेव्हा गावात दरवर्षी घरोघरी पाळणा हलायचा, आणि दरवर्षी एखादी बाई त्या पाळण्याशेजारीच संपायची. लोक म्हणायचे, देवाची मर्जी. आवडाईही तेच म्हणायची, शेवंती जाईपर्यंत.

शेवंती तिच्या थोरल्या बहिणीची लेक. आठव्या बाळंतपणात तिच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. मूल वाचलं. आवडाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा ती एवढंच बोलली, “मावशी, पाचव्यानंतर मला नको होतं गो. पण मला कोणी विचारलंच नाय.”

आठ वेळा आपण या घरात आलो, नाळ कापली, बाळाला न्हाऊ घातलं, आणि आपणही विचारलं नाही. हे आवडाईच्या मनाला असं लागलं, की बारा दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. तेराव्या दिवशी ती खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसली आणि पैलतीरावरच्या दवाखान्यात गेली. तिथं फिलोमिना नावाच्या नर्सबाई होत्या. आवडाई त्यांना म्हणाली, “माझ्या बायांना दोन बाळंतपणांच्या मधे दम खायला वेळ हवाय. तो कसा मिळतो ते मला शिकवा.”

नर्सबाईंनी तिला तीन दिवस ठेवून घेतलं. दोन मुलांत अंतर कसं ठेवायचं, कायमचं थांबायचं तर काय करायचं, कुणाला काय सोसतं आणि काय सोसत नाही, सगळं सांगितलं. पुरुषाचं ऑपरेशन तर बाईच्यापेक्षा सोपं असतं, हेही सांगितलं. ते ऐकून आवडाई पहिल्यांदा हसली म्हणतात.

तेव्हापासून तिनं एक रीत धरली. बारशाच्या दिवशी ती घरातल्यांना बाहेर काढायची, दार लोटायची आणि बाळंतिणीच्या कानाशी वाकून विचारायची, “बाय, पुढचं तुला कधी हवंय? की नकोच?” कुणी म्हणे, दोन वर्षं तरी नको. कुणी म्हणे, पुरे झालं आता. गुरवाची सून म्हणाली, मला अजून तीन हवीत; तिची तीनही बाळंतपणं आवडाईनं हौसेनं केली. नऊ वर्षं कूस न उजवलेली हिरा रडत आली, म्हणाली, मला कोण विचारणार? तिला आणि तिच्या नवऱ्याला आवडाई स्वतः नर्सबाईंकडे घेऊन गेली. कोण काय बोललं, ते तिच्या ओठांवर कधी आलं नाही.

पण गावात कुजबुज झाली. भिकाजी गावकर गावचा मुख्य. त्यानं देवळात बैठक बोलावली आणि विचारलं, “बायांना काय शिकवतेस तू?”

“शिकवत नाय, तात्यानू. विचारते.”

“आणि आम्हांला कोण विचारणार?”

“सगळं तुम्हांला विचारूनच होतं. म्हणून तर तिला विचारायचं राहून गेलं.”

तरी बैठकीत ठरलं, की आवडाईबरोबरच्या बायकांना तरीत घ्यायचं नाही.

पुढच्या दवाखान्याच्या वारी अकरा बायका धक्क्यावर उभ्या. तरीवाल्यानं मान खाली घातली. आवडाईनं लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि सरळ पाण्यात उतरली. भरतीची वेळ होती. पण तिचं पाऊल पडेल तिथं पाणी घोट्याइतकं होत गेलं आणि अकराही जणी तिच्या मागून पैलतीरी पोचल्या, असं म्हणतात. कुणी सांगतात, वाळूचा दांडा तिला ठाऊक असेल. पण तो दांडा त्याआधी कुणी पाहिला नव्हता, त्यानंतरही कुणाला सापडला नाही.

अकरावी होती भिकाजीचीच सून. तिला अडवायला निघालेला तिचा नवरा पांडू तिच्यामागून पाण्यात शिरला आणि पलीकडेच गेला. परतला तो स्वतःचं ऑपरेशन करून घेऊनच. गावातला पहिला पुरुष. भिकाजीनं त्याला वेगळं काढलं; वर्षभर त्याच्याशी बोलला नाही, आणि त्याच्या घरी जेवला तर कधीच नाही.

मग काही वर्षांनी गावात एक सरकारी जीप आली. तिच्यातल्या साहेबाला संध्याकाळपर्यंत ऑपरेशनसाठी पन्नास माणसं हवी होती. कोणाची, कशी, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. बाप्ये-बायका काजूच्या रानात पळाले. भिकाजी अनवाणी आवडाईच्या अंगणात आला आणि म्हणाला, “आवडाय, आता तूच बघ.”

ती जाऊन जीपसमोर उभी राहिली. साहेबानं तिच्याकडे बायकांची यादी मागितली. ती म्हणाली, “यादी नाय. बायका आहेत. त्यांना विचारा. त्या नको म्हणाल्या, तर ते तुम्हांलाही ऐकावं लागेल.”

साहेबानं गाडी पुढे घालायला सांगितली, तर कोरड्या कातळात चाकं आसापर्यंत रुतली. चार बैलजोड्या लावल्या, गाडी हलेना. साहेबानं हातातला पन्नास माणसांच्या हुकमाचा कागद फाडला तेव्हा कुठे गाडी सुटली, असं म्हणतात. त्याच संध्याकाळी भिकाजी धक्क्यावर गेला आणि तरीवाल्याला म्हणाला, आवडाईच्या बायांना हव्या तेव्हा ने. मग लेकाच्या घरी जाऊन जेवला.

आवडाई पिकल्या पानासारखी गेली. तिला पोचवायला दोन्ही तीरांवरच्या बायका आल्या होत्या, केस पांढरे झालेल्या बायका. पूर्वी त्या गावात बायकांचे केस पांढरे व्हायला वेळच मिळत नसे.

आता पूल आहे, गावातच दवाखाना आहे. पण आंबेखोलात आजही आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, त्याआधी सगळे बाहेर जातात. गावातली सर्वांत म्हातारी बाई आत राहते, आईच्या कानाशी वाकते आणि विचारते. उत्तर देऊन झालं की आई स्वतः उठून दार उघडते. मग पाळणा हलतो, आणि घुगऱ्यांची पहिली मूठ आवडाईच्या नावानं खाडीत सोडतात.

ज्या घरी दार आईनं उघडलं नाही, त्या घरी गाव जेवत नाही.