घंटेतलं गवत

घाटात गाडीरस्ता होण्याच्या कितीतरी आधी कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून देशावर चढायचं. वाटेत एक खिंड होती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि वाट इतकी अरुंद की लादलेल्या बैलाला वळताही येत नसे. म्हणून रीत अशी होती, की पुढच्या बैलाने घंटा वाजवतच यायचं. समोरून घंटा ऐकू आली, तर बाहेरच थांबायचं.

एके दिवशी पाणवठ्यावर बिबट्याची ताजी पावलं दिसली. तांड्याचा म्होरक्या लखू घाबरला. त्याने पुढच्या बैलाच्या घंटेत मूठभर गवत कोंबलं. बैलाचं नाव कवड्या.

“कवड्या, आज घंटा मुकी का रे?” खिंडीने विचारलं.

“हळू बोल, आजी. बिबट्या ऐकेल.”

“ऐकू दे! गोण्या घासून घासून माझा कडा गुळगुळीत झाला. तेवढ्या काळात बिबट्याने दोन-तीन वासरं नेली असतील. पण घंटा न वाजवता आलेला अख्खा तांडा दरीत गेलेला मी पाहिलाय. मान झटक, गवत पडेल.”

“तू दगडाची. तुला कोण खाणार?” म्हणत कवड्या आत शिरला.

समोरून काहीच आवाज नव्हता. “बघ, वाट मोकळी आहे,” तो पुटपुटला. मागचे बैल त्याला रेटत होते.

वळणावर तो दुसऱ्या एका बैलासमोर येऊन थबकला. त्याच्याही मागे लांबलचक तांडा होता. त्याच्याही गळ्यात घंटा होती, आणि तिच्यातून हिरवं गवत डोकावत होतं.

वर कड्यावर बिबट्या पाय पसरून बसला. त्याला आता कसलीच घाई नव्हती.