माळवदाचा शाप

एका राज्यात घरांची छपरे मातीची होती. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर माती. त्या छपराला माळवद म्हणत. दर वर्षी पावसाआधी घरधनी विधात्याचे नाव घेई आणि माळवदावर एक पाटी पांढरी माती टाकी. ज्याचे माळवद जाड, त्याची भक्ती थोर! असली समजूत एकदा डोक्यात बसली की निघता निघत नाही. राजवाड्याचे माळवद तर पुरुषभर जाड होते. धूम्रा नावाच्या चेटकिणीकडून लुटलेले सोने कुळातल्या पहिल्या राजाने त्याच्या पोटात पुरले होते. तिने शाप दिला, "ज्या मातीत माझे सोने दडवलेस, त्याच मातीखाली तुझे कुळ जाईल." तो शाप शमावा म्हणून पुढचे राजे माती वाढवतच राहिले.

रिपुंजय राजाच्या काळात धरणी हादरली. माळवद कोसळले आणि राजपुत्र सुवीर झोपल्या जागी गाडला गेला. राजाने ऊर फुटेस्तोवर आक्रोश केला. मग डोळे पुसले आणि सोन्यासकट माळवद पुन्हा चढवले, पहिल्याहून जड. मागे एकच लेक उरली होती, उत्पला. धरणीच्या पोटात पुन्हा गुरगुर सुरू झाली, तेव्हा राजाचा धीर सुटला. तो एकटाच डोंगरावर धूम्रेकडे गेला.

"माते, माझा जीव घे, पण शाप मागे घे. माझी लेक वाचू दे."

धूम्रा म्हणाली, "तीन कामे कर. या डोंगराला विचार, तो का हलतो. टिटवीला विचार, तिचे घर का पडत नाही. आणि माझे सोने मला आणून दे. मात्र ते तुझ्या हातांनी खणून काढ."

राजाने डोंगराला विचारले. डोंगर बोलला, "विधात्याने मला अजून पुरता घडवलेला नाही. त्याचा हात लागला की मी हलतो."

"म्हणजे तो रागावलेला नाही?"

"मला तरी त्याचा राग कधी जाणवला नाही."

राजा माळरानावर गेला. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी उबवत बसली होती. "टिटवीबाई, त्या हादऱ्यात तुझे घर कसे वाचले?"

"वर काही नव्हतेच, तर पडणार काय? तुझ्या पिलावर काय पडले, राजा?"

"माळवद."

"ते तिथे कोणी ठेवले?"

सुवीर जन्मला त्या वर्षी विधात्याचे आभार मानत त्याने स्वतः पाटी उचलली होती. हौसेने, वाजतगाजत. ती माती आता त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याला स्वतःची इतकी घृणा कधी वाटली नव्हती.

"मी ठेवले," तो म्हणाला.

नगरात येऊन त्याने कुदळ घेतली आणि तो माळवदावर चढला. प्रधान आडवा आला. "महाराज, विधात्याला वाहिलेली माती काढणे पाप आहे. तोच आपले रक्षण करील."

"रक्षण करायला त्याने मला हात दिले होते, प्रधानजी. त्या हातांनी मी काय केले, ते तुम्ही पाहिलेत. बाजूला व्हा."

राजाच्या तळव्यांना फोड आले, फोड फुटले. उत्पला पाटी घेऊन शेजारी उभी राहिली. खाली लोक आधी कुजबुजले, मग एकेक जण आपल्या घराकडे वळला. साऱ्या नगरात कुदळी वाजू लागल्या. बांबू आले, गवत आले, हलकी छपरे चढली. राजवाड्याच्या मातीतून सोने निघाले. राजाने ते धूम्रेपुढे ठेवले.

"शाप उतरला का, माते?"

"तुझ्या कुळावर पडायला आता मातीच उरली नाही. धरणी मात्र हलणार. ती माझे ऐकत नाही."

आणि धरणी हलली, भर दुपारी. देवळांतल्या घंटा आपोआप वाजल्या, विहिरींचे पाणी काठाबाहेर आले, छपरे गवताच्या गंजीसारखी खाली बसली. धुळीत राजाला काही दिसेना.

"उत्पला!" तो ओरडला.

"बाबा, मी इथे आहे."

फुटक्या तळव्यांनी त्याने गवत उपसले आणि लेकीला उराशी धरले. सुवीरला त्याने अशाच हाका मारल्या होत्या. राजा हमसून हमसून रडला, विधात्याचे नाव घेत रडला, आणि त्या नावाची त्याला आज भीती वाटली नाही. बाहेर गल्लोगल्ली माणसे आपल्या माणसांना हाका मारत होती, आणि प्रत्येक हाकेला ओ येत होती.